मास्तरीणबाई गाडीखाली जातात

मास्तरीणबाई म्हटलं की खडू, फळा आणि छडी डोळ्यांसमोर येते. या मास्तरीणबाईंचा खडूशी काडीचा संबंध नव्हता. त्या बायकांना गाडी चालवायला शिकवायच्या. लहानशी, जुनी, पांढरी गाडी, टपावर 'शिकाऊ' लिहिलेली पाटी आणि बाईंच्या पायाशी एक जादा ब्रेक. त्यांच्या हाताखालून नर्स गेल्या, बँकेतल्या बाया गेल्या, नातवंडं खेळवणाऱ्या आज्यासुद्धा गेल्या. "घाबरायचं तर खुशाल घाबर, पण क्लच सोडू नकोस," हा त्यांचा पहिला धडा. मागून कुणी उगाच हॉर्न मारला की त्या शिकणारीला म्हणायच्या, "वाजवू दे. हॉर्न त्याचा, बॅटरी त्याची." आणि गाडी आणखी सावकाश चालवायला लावायच्या.

तर अशा बाईंची गाडी गळायला लागली. जिथे उभी राहील तिथे काळ्या तेलाचा डाग. आता गाडी गळते म्हटल्यावर माणूस गॅरेजात जातो, त्यात काय मोठंसं! पण बाईंचं दुखणं नेमकं तिथेच होतं. त्या भागातलं मोठं गॅरेज त्यांच्या नवऱ्याचं होतं, आणि बाई त्याचं घर सोडून आल्या होत्या.

नवऱ्याला सगळे उस्ताद म्हणायचे. माणूस वाईट नाही हो. व्यसन नाही, हात उगारणं नाही, कामाला वाघ. पण बायकोने गाडी शिकवायला घेतली आणि याच्या पोटात दुखायला लागलं. तोंडावर कधी 'नको' म्हणाला नाही. शिकायला येणाऱ्या बायकांचे नवरे, भाऊ गॅरेजात आले की हळूच म्हणायचा, "पाठवा खुशाल, पण त्या गाडीचा काही भरवसा नाही हं." एकेक करून शिकणाऱ्या गळायला लागल्या. बाईंना वाटलं आपलंच काही चुकतंय. मग एकीने खरं काय ते सांगितलं, तेव्हा बाई तडक गॅरेजात गेल्या आणि सगळ्या पोरांसमोर विचारलं, "गाडीचा भरवसा नाही म्हणता, मग ती दुरुस्त कोण करतं?" उस्ताद हसले आणि म्हणाले, "अगं, तुझ्याच काळजीपोटी बोललो." त्याच संध्याकाळी बाईंनी बॅग भरली. पुढे जागा असलेली एक खोली भाड्याने घेतली आणि गाडी तिथे लावली.

थोड्याच दिवसांनी दारात सासूबाई हजर. हातात पिशवी, काखेत उशी.

"तुम्ही कशाला आलात आई?"

"तू गेल्यावर त्याला कळलं की चहा आपोआप होत नाही. मग तो माझ्याकडे बघायला लागला," सासूबाई म्हणाल्या आणि खिडकीजवळचा पलंग बघून त्यावर बसल्या. "माझे गुडघे बघ, आणि त्याचे चहा बघ. मी इथे राहते. मला गाडी शिकव नाहीतर शिकवू नकोस, पण परत पाठवू नकोस."

गाडी गळायला लागल्यावर बाई उस्तादांना वगळून बाकीच्या गॅरेजांत फिरल्या. पण पळसाला पाने तीनच. त्या भागातला प्रत्येक मिस्त्री उस्तादांच्याच हाताखाली शिकलेला. जो तो जीभ चावून म्हणायचा, "काकू, उस्तादांना विचारून सांगतो." विचारून कुणी काही सांगितलं नाही. शेवटी एक जण निरोपच घेऊन आला. खाली मान घालून म्हणाला, "उस्ताद म्हणतात, गाडी आणा, उत्तम करून देतो. पण मग गाडी तिकडेच राहील. आणि तुम्ही दोघीही."

नाक दाबलं की तोंड उघडतं, हे उस्तादांना ठाऊक होतं. शिकवणीच्या गाड्यांची वर्षातून एकदा सरकारी तपासणी व्हायची, आणि ती आठवड्यावर आली होती. गळकी गाडी बाद. बाद झाली की टपावरची पाटी उतरवायची. पाटी गेली की शिकवणी गेली, शिकवणी गेली की खोली गेली, आणि खोली गेली की दोघी बायका उस्तादांच्या स्वयंपाकघरात. हिशेब सरळ होता.

"सांगा तुमच्या उस्तादांना," बाई त्या पोराला म्हणाल्या, "गाडी इथेच दुरुस्त होईल."

"कोण करणार?"

"मी."

तो पोरगा हसला नाही, एवढं त्याचं शहाणपण.

बाईंनी रागाच्या भरात म्हटलं खरं. गाडी चालवणं वेगळं आणि तिच्या पोटात हात घालणं वेगळं. पण इतकी वर्षं गॅरेजाच्या मागच्या खोलीत संसार केलेला. डबा घेऊन गेलं की उस्ताद गाडीखालून बोलायचे, 'तेवढी पान्याची गोटी दे,' 'तो जॅक सरकव.' न शिकताच पुष्कळ काही डोळ्यांखालून गेलं होतं. हे काम तर कितीदा पाहिलेलं. इंजिनाच्या खाली एक पसरट पत्र्याचं भांडं असतं, त्यात तेल साठतं. पुस्तकात त्याला ऑइल पॅन म्हणतात, गॅरेजात चेंबर. भांड्याचा काठ आणि इंजिन यांच्यामध्ये बुचाची एक पातळ चौकट बसते, तिला पॅकिंग म्हणतात. काठाने सगळीकडून बोल्ट आवळलेले. ते पॅकिंग गेलं की तेल पाझरायला लागतं. नवीन घालायचं, बास. उस्ताद असंच म्हणायचे, नवीन घालायचं, बास.

पार्टच्या दुकानदाराने पॅकिंग काउंटरवर ठेवलं आणि विचारलं, "कोण बसवणार?"

"मीच."

"मग दोन न्या. पहिलं फाटतंच."

बाईंना झोंबलं. "एकच द्या," त्या म्हणाल्या. दुकानदाराने खांदे उडवले आणि एकच दिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंनी जुना सलवार-कुर्ता घातला, केस फडक्यात बांधले. जॅकवर गाडीचा पुढचा भाग उचलला, दोन्ही बाजूंना आधाराला लोखंडी घोड्या लावल्या आणि गाडी हलवून पाहिली. मग आणखी एकदा हलवून पाहिली. सासूबाई खुर्ची टाकून शेजारी बसल्या होत्या.

"बघ हो, डोक्यावर पडेल."

"पडणार नाही."

"पडली तर मी उचलू शकणार नाही, आधीच सांगते."

बाई पाठीवर झोपून आत सरकल्या. खालून गाडी किती वेगळी दिसते! वरून बघावं तर रोजची, ओळखीची. खालून नुसती काळी, चिकट आणि परकी. आधी तेल काढायचं. चेंबरच्या बुडाचा बोल्ट सुटेना. बाईंनी पान्यावर दोन्ही हातांनी जोर लावला, पाय चाकाला टेकवला, तोंडाने न सांगण्यासारखं काहीतरी बोलल्या. बोल्ट एकदम सुटला आणि तेलाची पहिली धार खाली ठेवलेल्या पातेल्याऐवजी बाईंच्या मानेवर.

"काय झालं?"

"काही नाही! अभिषेक झाला!"

तेल निथळलं. मग काठाचे बोल्ट. एकेक बोल्ट म्हणजे खडकातून उपटल्यासारखा. दंड भरून आले. शेवटी चेंबर सुटला तो छातीवरच आला. बाई त्याला पोटाशी धरून बाहेर सरकल्या. काठाला जुनं पॅकिंग चिकटलेलं होतं, तुकडे तुकडे झालेलं. सासूबाईंनी आपलं लाकडी उलथनं दिलं. "लोखंडाने खरवडलंस तर काठाला ओरखडे पडतील. मला भांड्यांचं कळतं," त्या म्हणाल्या. आणि खरंच, उलथन्याने काठ स्वच्छ निघाला. जुन्या पॅकिंगचे तुकडे सासूबाईंनी वर्तमानपत्रावर जुळवून ठेवले. त्यांना काहीही फेकून द्यायची सवय नव्हती.

नवीन पॅकिंग बसवलं, चेंबर वर चढवला, बोल्ट लावले. आणि मग बाईंनी अगदी उस्तादांसारखं केलं. उस्तादांची एक खासियत होती. सगळं आवळून झालं की ते पान्याला शेवटचा एक पीळ द्यायचे, दात ओठ खाऊन, सगळं अंग त्यावर घालून. मग म्हणायचे, "हां! आता बापजन्मात सुटणार नाही." त्यांच्या हाताखालून गेलेल्या प्रत्येक पोराने तो पीळ उचलला होता, 'हां'सकट. बाईंनीही प्रत्येक बोल्टला तो पीळ दिला. अगदी जीव तोडून दिला. मनात 'हां' म्हटलंसुद्धा.

तेल भरलं. गाडी सुरू केली. दोघी गाडीखाली पुठ्ठा घालून वाट बघत बसल्या. बराच वेळ काही नाही. बाईंच्या तोंडावर हसू यायला लागलं आणि तेवढ्यात पुठ्ठ्यावर एक काळा थेंब टपकला. मग त्याच्याशेजारी दुसरा. मग सरळ रांगच लागली. आधीपेक्षा जास्त गळत होतं.

बाई पायरीवर बसल्या आणि रडल्या. खोटं कशाला सांगू, हुंदके देऊन रडल्या. तेलकट हातांनी डोळे पुसले, तेही काळे झाले. "आई, तपासणीत गाडी बाद होणार. आणि त्यांना पोरं सांगणार, बाईने स्वतः केलं आणि होतं त्याचं वाटोळं केलं. हात दाखवून अवलक्षण."

"रडून झालं की ऊठ," सासूबाई म्हणाल्या. "पहिल्यांदा भाकरी केलीस तेव्हाही रडलीस. आता करतेस ना?"

"तेव्हा तपासणीला साहेब येत नव्हता!"

"मी होते ना. मी काय कमी होते?"

बाईंना हसू आलं. त्या उठल्या आणि पुन्हा आत सरकल्या. पुन्हा तेल काढलं, पुन्हा सगळे बोल्ट, पुन्हा चेंबर छातीवर. नवं कोरं पॅकिंग सोलून काढलं तर ते जागोजागी चिरलेलं. चिडून त्यांनी ते वर्तमानपत्रावर आपटलं, नेमकं जुन्या तुकड्यांच्या शेजारी. आणि मग त्या तिथेच उकिडव्या बसून बघत राहिल्या.

दोन्ही चौकटी अगदी सारख्याच जागी फाटल्या होत्या. जिथे जिथे बोल्ट, तिथे तिथे पॅकिंग चिरडून पातळ झालेलं, पार फुटून बाहेर आलेलं. आणि दोन बोल्टांच्या मध्ये जाडच्या जाड, जसंच्या तसं. मग बाईंनी चेंबर उचलून काठाकडे डोळा लावला. काठ सपाट नव्हताच. प्रत्येक भोकाभोवती पत्रा ओढून ओढून टेंगळासारखा वर आलेला. म्हणजे बोल्ट जितका आवळावा तितका तिथे पत्रा घुसायचा आणि मधल्या जागेत फट पडायची. फटीतून तेल.

"आई, हे जुनं पॅकिंग कुणी बसवलं होतं?"

"कोण बसवणार? तोच." सासूबाईंनी खाली वाकून दोन्ही चौकटी बघितल्या. "हा माझ्या पोराचाच हात. लहानपणी बाटलीचं झाकण असं लावायचा की पुढे बाटली फोडावी लागायची. अति तिथे माती, किती सांगितलं. सुंभ जळेल पण पीळ जायचा नाही त्याचा."

बाईंना राग कुणाचा यावा हेच कळेना. ज्या गाडीचा भरवसा नाही म्हणून याने ज्याला त्याला सांगितलं, ती यानेच आवळून आवळून गळकी केली होती, आणि तीही प्रामाणिकपणे, अगदी मन लावून. आणि आपण त्याच्यापासून सुटलो म्हणून मिरवत होतो, तर गाडीखाली गेल्यावर हात त्याचाच चालवला. या शेवटच्या गोष्टीचाच बाईंना जास्त राग आला.

त्या तशाच तेलकट अवतारात दुकानात गेल्या. दुकानदाराने न बोलता दुसरं पॅकिंग काढून समोर ठेवलं. "मला बोला खुशाल," बाई म्हणाल्या. "बोलत नाही," तो म्हणाला, "बोललं की तुम्ही एकच नेता."

चेंबरचा काठ लाकडाच्या ठोकळ्यावर उलटा धरून बाईंनी हातोडीने हळूहळू एकेक टेंगूळ बसवलं. मध्ये मध्ये स्वयंपाकाच्या ओट्यावर ठेवून पाहायच्या. डुगडुगला की पुन्हा ठोकायचं. सासूबाईंचं जेवण त्या दिवशी पलंगावर बसून झालं, कारण ओटा चेंबरच्या ताब्यात होता. शेवटी काठ ओट्यावर असा बसला की खालून कागद सरकेना.

मग बोल्ट. आधी सगळे नुसत्या बोटांनी. मग पान्याने थोडं एका बाजूला, थोडं समोरच्या बाजूला, पुन्हा इकडे, पुन्हा तिकडे. पॅकिंग जरासं दबलं, कडेला एकसारखी बारीक किनार दिसली, की थांबायचं. थांबणं फार कठीण गेलं. प्रत्येक बोल्टापाशी दंड आपोआप भरून यायचा, दात आपोआप आवळले जायचे. "बास," सासूबाई वरून म्हणायच्या, जणू त्यांना खालचं सगळं दिसतंय. "बास म्हटलं ना!"

"एवढ्याने सुटलं तर?"

"सुटलं तर परत लावू. आपल्याला काय दुसरं काम आहे?"

पुठ्ठा कोरडा राहिला. गाडी चालू ठेवून बघितली, कोरडा. लांब फिरवून आणून उभी केली, कोरडा. सकाळी उठून पाहिलं तरी कोरडा. बाईंनी तो पुठ्ठा उचलून सासूबाईंना एखादं प्रमाणपत्र दाखवावं तसा दाखवला. सासूबाई म्हणाल्या, "बरं झालं. आता ओटा घासून दे."

तपासणीच्या साहेबाने गाडीखाली विजेरी मारली, बोट फिरवलं, बोट पाहिलं आणि म्हणाला, "पुढची गाडी." एवढंच! बाईंना वाटलं होतं निदान विचारेल तरी, कुणी केलं म्हणून. पण कोरड्या चेंबरकडे कोण बघतं? बघतात ते गळक्याकडे.

गल्लीत मात्र बातमी पोचली. दुसऱ्या दिवशी सकाळी उस्ताद स्वतः दारात, हातात हत्यारांची पेटी. बाई गाडीजवळ उभ्या होत्या. आज पहिल्यांदाच गाडी मागे घ्यायला शिकणारी एक नर्स चाकामागे बसली होती आणि मागच्या सीटवर सासूबाई, कारण त्यांना बाजारात सोडायचं होतं.

"ऐकलं मी," उस्ताद म्हणाले. "शाबास. पण शेवटचा पीळ दिलास ना?"

"नाही दिला."

"अगं मग सुटणार! थांब, मी देतो." आणि पेटी उघडून ते खाली वाकलेसुद्धा.

"हात लावायचा नाही." बाईंचा आवाज चढला नव्हता, पण नर्सने गपकन स्टिअरिंग सोडलं. बाईंनी खोलीतून ते वर्तमानपत्र आणून उस्तादांसमोर पसरलं. "हे तुम्ही बसवलेलं. हे मी बसवलेलं, तुमच्यासारखा पीळ देऊन. बघा दोन्ही कुठे फाटलीत. काठाला टेंगळं आली होती, ती मी ठोकून काढली. पीळ न देता जे बसवलं, ते आता गाडीत आहे."

उस्ताद बघत राहिले. माणूस कामातला होता, त्याला बघताक्षणीच कळलं. कानापर्यंत लाल झाला. "इतक्या वर्षांत कुणी बोललं नाही मला."

"कोण बोलणार? सगळे तुमचेच चेले. आणि मी बोलले असते तर तुम्ही ऐकलं असतं?"

उस्तादांनी पान्याची मूठ उगाच पुसली. मग एकदम मऊ आवाजात म्हणाले, "चल घरी. हवं तर तू गॅरेजात ये. पाटीवर तुझं नाव घालतो. आणखी काय करू? अजून रागावलीच आहेस का माझ्यावर?"

सासूबाईंनी मागच्या सीटवरून मान पुढे काढली. नर्स समोर बघत होती, पण तिचे कान इकडेच होते. बाईंनी खरंच विचार केला. उत्तर त्यांनाही आधी माहीत नव्हतं.

"नाही," त्या म्हणाल्या. "राग होता तेव्हा मी प्रत्येक शिकवणी तुमच्या गॅरेजासमोरून न्यायचे. वळसा पडायचा, तरी न्यायचे. तुम्ही बघावं म्हणून. परवापासून जवळच्या रस्त्याने जाते. तुमचं गॅरेज वाटेत लागत नाही, हे माझ्या लक्षातसुद्धा आलं नव्हतं."

उस्तादांनी आईकडे पाहिलं. आई म्हणाली, "माझ्याकडे काय बघतोस? मला बाजारात जायचंय."

बाई पलीकडे जाऊन आपल्या सीटवर बसल्या, पाय जादा ब्रेकवर ठेवला आणि नर्सला म्हणाल्या, "आरसा बघ. मागे कोण आहे?"

"ते... उस्ताद उभे आहेत."

बाईंनी खिडकीची काच खाली केली. "बाजूला व्हा," त्या म्हणाल्या. "गाडी मागे घ्यायचीय. ही नवीन आहे, तिला अजून अंदाज नाही."

उस्तादांनी पेटी उचलली आणि ते बाजूला झाले.